डॉसचा पेनड्राइव्ह: पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

आधी एक खात्री करून घ्या. तुम्हाला खरंच डॉसचाच, म्हणजे विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची जुनी सिस्टिम चालू करणारा पेनड्राइव्ह हवा आहे ना? कारण नागपुरात 'डॉसचा पेनड्राइव्ह कसा बनवायचा' हा प्रश्न विचारणाऱ्यांत नुकतीच इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलेली पोरं बरीच असतात. लॅपटॉपच्या खोक्यावर 'डॉस' लिहिलेलं असतं, विंडोजवाल्यापेक्षा तो स्वस्त मिळतो म्हणून घेतलेला असतो, आणि घरी आणून चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मग धावपळ. या मंडळींना डॉस नकोच असतं, ते काढून विंडोज किंवा लिनक्स टाकायचं असतं. त्यासाठी विंडोजचा किंवा लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवावा लागतो, डॉसचा नाही. तुमचं काम ते असेल तर इथूनच परत फिरा, वेळ वाचेल.

डॉसचा पेनड्राइव्ह खरा लागतो तो वेगळ्याच लोकांना. हिंगणा एमआयडीसीत एखाद्या जुन्या मशीनला जोडलेला पीसी असतो, त्याच्या मदरबोर्डचं बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, बोर्डातच बसवलेलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असतं आणि कंपनीने अपडेटची फाइल दिलेली असते ती फक्त डॉसमधून चालणारी. इतवारीत एखाद्या ठोक दुकानदाराचं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधलं बिलिंग जुन्या पीसीत अडकलेलं असतं, त्यातलं विंडोज ९८ उठायचं नाव घेत नाही आणि हिशेब तर बाहेर काढायचा असतो. घरी स्वतःचा स्टोरेज सर्व्हर उभारणारे हौशी लोक एलएसआय कंपनीचं जुनं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडणारं) आणतात, त्याचं फर्मवेअर, म्हणजे कार्डातलं सॉफ्टवेअर, बदलायचं तर डॉसचा मार्ग सोपा पडतो. हार्ड डिस्क तपासायची काही जुनी हत्यारंही डॉसवरच चालतात. अशांपैकी काही असेल तर पुढे वाचा.

लिहिण्याची एक सोय सांगतो. आज्ञा आणि मेनूतली नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

कोणतं डॉस घ्यायचं

फ्रीडॉस घ्या. दुसरा विचारच करू नका.

मायक्रोसॉफ्टचं एमएस-डॉस १९८१ साली आलं आणि स्वतंत्र उत्पादन म्हणून त्याची शेवटची आवृत्ती ६.२२ ही १९९४ सालची. मायक्रोसॉफ्ट आता डॉस गुंडाळणार हे दिसल्यावर जिम हॉल नावाच्या अमेरिकेतल्या एका फिजिक्सच्या विद्यार्थ्याने त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर केलं, की आपण सगळे मिळून एक मोफत डॉस लिहू. तेच पुढे फ्रीडॉस झालं. १.० आवृत्ती यायला २००६ उजाडलं, १.३ आली २०२२ मध्ये आणि १.४ आली २०२५ मध्ये. म्हणजे हे मेलेलं सॉफ्टवेअर नाही, अजून कुणीतरी त्याची निगा राखून आहे. परवाना मुक्त आहे, त्यामुळे कारखान्यात वापरा, दुकानात वापरा, कुणी हिशेब मागायला येणार नाही.

एमएस-डॉसच्या काही जुन्या आवृत्त्यांचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टने खुला केला आहे, ४.० चा तर २०२४ मध्येच. वाचायला मजेदार आहे, पण आपल्या कामाचा नाही. आणि 'विंडोज ९८ची बूट फाइल' म्हणून कुठल्या कुठल्या साइटवर ज्या झिप फाइली फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यात काय भरलेलं आहे ते देवच जाणे.

मशीन डॉस घेईल का, हे आधी बघा

नवखे लोक अडकतात ते इथे. पेनड्राइव्ह बनवणं पाच मिनिटांचं काम आहे. तो ज्या मशीनला लावायचा, ते मशीन डॉस चालू करू शकतं का, हा खरा प्रश्न असतो, आणि तो सगळ्यात शेवटी, पेनड्राइव्ह घेऊन मशीनसमोर बसल्यावर कळतो. तिथून मग फोन येतो, "भाऊ, हा पेनड्राइव्ह दाखवूनच नाही राहिला!"

डॉस हे जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालतं. कीबोर्ड, डिस्क, पडदा या सगळ्यांसाठी ते बायोसला हाक मारतं. आताच्या मशीनमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय असतं, आणि त्याला डॉसची ही हाक ऐकू येत नाही. मधली काही वर्षं कंपन्यांनी यूईएफआयमध्येच जुन्या बायोसची नक्कल ठेवली होती. तिला सीएसएम म्हणतात, मेनूत कुठे 'लेगसी बूट' (बूट म्हणजे मशीन चालू होणं), कुठे 'लेगसी सपोर्ट' असंही नाव दिसतं. ही नक्कल २०२० पर्यंत काढून टाकायची, असं इंटेलने २०१७ मध्ये सांगितलं होतं. त्यामुळे हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती नसतेच.

बघायचं असं. विंडोज चालू असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'एमएसइन्फो३२' टाइप करून एंटर मारा. जी खिडकी उघडते तिच्यात 'बायोस मोड' अशी एक ओळ असते. तिथे 'लेगसी' असेल तर प्रश्न मिटला. 'यूईएफआय' असेल तर एवढ्यावरून निराश होऊ नका. सध्या ते यूईएफआयने चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. मशीन रीस्टार्ट करून बायोसच्या सेटिंगमध्ये शिरा (त्यासाठी कुठलं बटण ते पुढे दिलं आहे) आणि बूटच्या पानावर 'सीएसएम' किंवा 'लेगसी' शब्द शोधा. सापडला तर काम होईल. कुठेच नसेल, तर त्या मशीनवर डॉसचा पेनड्राइव्ह चालणार नाही. कितीही पेनड्राइव्ह बदला, कितीही सॉफ्टवेअर बदला.

नसेल तर काय? बायोस अपडेटसाठी अशा मशीनला डॉसची गरजही नसते. आसुसच्या बोर्डात ईझी फ्लॅश, एमएसआयच्या बोर्डात एम-फ्लॅश, गिगाबाइटच्या बोर्डात क्यू-फ्लॅश अशी सोय बायोसच्या आतच दिलेली असते. साध्या फॅट३२ (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) पेनड्राइव्हवर फाइल टाकायची आणि तिथून निवडायची. खरं तर सीएसएम असला तरी आधी ही सोय आहे का ते बघा, असली तर डॉसच्या भानगडीत पडूच नका. आणि जुनं डॉसवरचं सॉफ्टवेअर नवीन कॉम्प्युटरवर रोज चालवायचं असेल तर डॉसबॉक्स वापरा, ते विंडोजच्या आतच चालतं. ६४ बिट विंडोजवर ही जुनी सॉफ्टवेअरं थेट चालत नाहीत.

उलट टोकाची मशीनही असतात. विंडोज ९८च्या काळातल्या बऱ्याच बोर्डांना यूएसबीवरून चालू होणं ठाऊकच नाही. तिथे सीडी किंवा फ्लॉपी लागते. पण काम फक्त आतला हिशेब बाहेर काढण्याचं असेल, तर माझं मत विचाराल तर हार्ड डिस्क काढा आणि आयडीई ते यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. डॉसची गरजच संपली.

बिटलॉकर, हे विसरू नका

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. अशा मशीनचं सिक्युअर बूट (फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी सोय) बंद केलं किंवा बायोस अपडेट केलं, की पुढच्या वेळी विंडोज निळा पडदा दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर आतले फोटो, कागदपत्रं, सगळं गेलं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून ती की कागदावर उतरवून घ्या, किंवा बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. गिऱ्हाइकाचं मशीन असेल तर हे काम त्याच्या समोरच करा. नंतर वाद नको.

पेनड्राइव्ह कुठला

जुना, लहान, २ ते १६ जीबीचा. डॉसला जागा लागत नाही, सगळं मिळून काही एमबीत मावतं. जुन्या बोर्डांना मोठे पेनड्राइव्ह झेपत नाहीत, काही तर ६४ जीबीचा लावला की लोगोवरच गोठून बसतात. ड्रॉवरमध्ये पडलेला एखादा ४ जीबीचा असेल तर तोच उत्तम.

फुटपाथवर मिळणारे '१ टीबी' लिहिलेले स्वस्त पेनड्राइव्ह या कामाला अजिबात घेऊ नका. त्यांच्यात खरी जागा थोडीच असते, बाकीची खोटी दाखवलेली असते. त्या खोट्या जागेत बायोसची फाइल गेली आणि अर्धवट वाचली गेली तर बोर्डच बसतो. शंका असेल तर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्ह भरून बघतं आणि खरी जागा सांगतं.

आणि हो, पेनड्राइव्हमधलं जे काही आहे ते सगळं पुसलं जाणार आहे. लग्नाचे फोटो आहेत का ते एकदा बघून घ्या.

रूफसने बनवायचा

विंडोजवर यासाठी रूफसइतकं सरळ काही नाही. २०११ पासून आहे, मोफत आहे, छोटीशी फाइल आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. ते अधिकृत साइटवरूनच उतरवा. साइटचा पत्ता रूफस, टिंब, मग आय आणि ई ही दोन अक्षरं, एवढाच. गुगलवर शोधलं तर वर जाहिरातीत त्याच नावाच्या नकली साइटही दिसतात, त्यांवर हिरवं 'डाउनलोड' बटण केवढं मोठं असतं. तिकडे जाऊ नका.

दुसरे सगळे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. फक्त ज्याचं काम आहे तोच लावा. मग रूफस उघडा, परवानगी मागेल ती द्या.

वरच्या 'डिव्हाइस' या रकान्यात तुमच्या पेनड्राइव्हचं नाव आणि आकार दिसेल. नीट वाचा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह तिथे १६ दाखवेल, पण विंडोजच्या दुसऱ्या खिडक्यांत १४ जीबीच्या आसपास दिसेल. मोजणीची पद्धत वेगळी आहे एवढंच, कुणी जागा चोरलेली नाही. खाली 'लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्ह्ज' असा एक पर्याय लपलेला असतो, त्यावर टिक करू नका. टिक नसली की रूफस बाहेरच्या हार्ड डिस्क यादीत दाखवतच नाही, म्हणजे चुकून तिला हात लागण्याची भीती कमी.

'बूट सिलेक्शन' मध्ये यादी उघडा आणि 'फ्रीडॉस' निवडा. इथे लोक आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) शोधत बसतात. गरज नाही. फ्रीडॉस रूफसच्या पोटातच आहे, वेगळं काही उतरवायचं नाही. पूर्वी विंडोज ७ किंवा ८ वर याच यादीत 'एमएस-डॉस' सुद्धा दिसायचं. ते विंडोजमधल्याच एका फाइलीतून घेतलं जायचं, विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो भाग काढून टाकला, म्हणून आता दिसत नाही. तुमच्या रूफसमध्ये बिघाड नाही.

फ्रीडॉस निवडलं की 'पार्टिशन स्कीम' आपोआप 'एमबीआर' होतं आणि 'टार्गेट सिस्टिम' मध्ये 'बायोस' येतं. तसंच राहू द्या. 'फाइल सिस्टिम' फॅट३२ ठेवा. पेनड्राइव्ह २ जीबीपेक्षा लहान असेल आणि मशीन फारच जुनं असेल तर नुसतं 'फॅट' निवडलं तरी चालेल. 'व्हॉल्यूम लेबल' मध्ये लहान नाव द्या, 'डॉस' एवढंच पुरे. 'क्विक फॉरमॅट' वर टिक असू द्या.

'स्टार्ट' दाबा. सगळा डेटा पुसला जाईल असा इशारा येईल. आता शेवटचं एकदा वरचं पेनड्राइव्हचं नाव वाचा, मगच 'ओके'. काही क्षणांत खालची पट्टी हिरवी होऊन 'रेडी' लिहून येतं. झालं.

पेनड्राइव्ह उघडून बघितला तर आत 'कमांड डॉट कॉम', 'कर्नल डॉट सिस' आणि आणखी एक-दोन फाइली दिसतील. एवढंसंच आहे? हो, एवढंसंच. या फाइली हलवू नका, नाव बदलू नका. तुमच्या कामाच्या फाइली शेजारी टाका, शक्यतो एखाद्या वेगळ्या फोल्डरमध्ये.

नावांबद्दल एक नियम पाळा. डॉसला फाइलीचं नाव आठ अक्षरी आणि पुढे तीन अक्षरी शेपूट एवढंच कळतं. लांब नाव असेल तर ते सहा अक्षरांवर कापून पुढे तरंगणारी रेघ आणि आकडा लावलेलं दिसतं. म्हणून 'बायोस अपडेट व्हर्जन तीन' असली नावं काढून टाका आणि विंडोजमध्ये असतानाच आखूड नाव द्या. मात्र फाइलीसोबत आलेल्या सूचनेत नाव बदलू नका असं लिहिलं असेल तर ते ऐका. नाव देवनागरीत तर देऊच नका. साध्या डॉसला देवनागरी येत नाही, कचरा दिसेल. डॉसवर मराठी दाखवण्यासाठी एकेकाळी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवावं लागायचं. आपल्याला आता त्यात शिरायचं नाही.

मशीन पेनड्राइव्हवरून चालू करणं

पेनड्राइव्ह शक्यतो कॅबिनेटच्या मागच्या, काळ्या रंगाच्या यूएसबी पोर्टला लावा. निळे पोर्ट वेगवान असतात, पण काही जुने बोर्ड त्यांवरून बूट होत नाहीत. पुढचे पोर्ट लांब वायरीने जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ढिले झालेले असतात. हबला लावू नका.

विंडोज चालू असेल तर 'शटडाउन' न करता 'रीस्टार्ट' करा. शटडाउनमध्ये आताचं विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग बूटचं बटण दाबायला वेळच मिळत नाही.

लोगो येण्याआधीपासून बूट मेनूचं बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ते एफ१२ असतं. एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ९. आसुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप, त्यांच्याच डेस्कटॉप बोर्डात एफ८. गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११. एसरमध्येही एफ१२ असतं, पण कित्येकदा ते बायोसच्या सेटिंगमध्ये आधी चालू करावं लागतं. सेटिंगमध्ये शिरण्यासाठी डेस्कटॉपवर बहुतेक वेळा डिलीट, लॅपटॉपवर एफ२, एचपीमध्ये एफ१०.

यूईएफआयवालं पण सीएसएम असलेलं मशीन असेल तर सेटिंगमध्ये आधी सिक्युअर बूट बंद करा, मग सीएसएम किंवा लेगसी चालू करा, सेव्ह करून बाहेर या. काही मशीन सिक्युअर बूट बंद होईपर्यंत लेगसीचा पर्याय करडाच ठेवतात, म्हणून हा क्रम पाळा. आधी काय होतं याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शेवटी कामाला येईल.

बूट मेनूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्या आधी 'यूईएफआय' लिहिलेलं नाही तो निवडा. जुन्या बोर्डांवर 'यूएसबी-एचडीडी', 'यूएसबी-झिप', 'यूएसबी-एफडीडी' असे तीन पर्याय असतात. आधी एचडीडी घ्या, नाही जमलं तर झिप.

चालू झालं की काळा पडदा, वर फ्रीडॉसच्या कर्नलची एक-दोन ओळ माहिती, एफ८ आणि एफ५ बद्दल एक सूचना, आणि मग डाव्या बाजूला:

सी:\>

त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. घाबरू नका, ही 'सी' तुमची विंडोजची सी नाही. पेनड्राइव्हवरून बूट झालं की बहुतेक मशीनवर पेनड्राइव्हलाच 'सी' नाव मिळतं. विंडोजची डिस्क एनटीएफएस या वेगळ्या पद्धतीची असते, ती डॉसला दिसतच नाही. 'डायर' टाइप करून एंटर मारा, तुमच्याच फाइलींची नावं आली तर सगळं ठीक. 'व्हर' टाइप केलं तर आवृत्ती कळते.

कीबोर्डला प्रतिसादच नाही? तर सेटिंगमध्ये 'यूएसबी लेगसी सपोर्ट' बंद असेल, तो चालू करा. जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड असेल तर तो लावला तरी भागतं. आणि चालू झाल्यावर दुसरा पेनड्राइव्ह लावला तर तो दिसणार नाही. जे काही लावायचं ते मशीन सुरू करण्याआधीच लावा. डॉस चालू असताना हा पेनड्राइव्ह काढायचाही नाही.

बायोस फ्लॅश करत असाल तर

फ्लॅश करणं म्हणजे बोर्डात नवं बायोस लिहिणं. आता थोडं सावकाश चला, कारण इथली चूक महागात पडते.

मॉडेलचं नाव आणि बोर्डचा रिव्हिजन नंबर जुळतो का हे फाइल उतरवतानाच बघा. रिव्हिजन नंबर बोर्डवर छापलेला असतो, बहुतेकदा कोपऱ्यात किंवा पीसीआय स्लॉटच्या आसपास, लहान अक्षरांत. टॉर्च लावून वाचा. एकाच नावाच्या बोर्डच्या दोन रिव्हिजनचं बायोस वेगळं असू शकतं.

फाइलीसोबत सूचनेची एक टेक्स्ट फाइल असते, ती विंडोजमध्येच वाचून आज्ञा कागदावर लिहून घ्या. डॉसमध्ये आल्यावर 'सीडी' आज्ञेने त्या फोल्डरमध्ये जायचं आणि ती आज्ञा जशीच्या तशी द्यायची. जुनं बायोस साठवून ठेवायचा पर्याय असेल तर आधी तो वापरा. फ्लॅश करणारी सॉफ्टवेअरं मेमरी मॅनेजर चालू असेल तर कुरकुर करतात. रूफसने बनवलेल्या पेनड्राइव्हवर तसलं काही नसतं, त्यामुळे अडचण येत नाही. दुसरीकडून आणलेला पेनड्राइव्ह असेल तर चालू होताना एफ५ दाबून सगळं टाळता येतं.

आणि लाईन. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला, घरोघरी कूलर आणि एसी एकदम चालू झाले, की दुपारी लाईन कधी जाईल सांगता येत नाही. बायोस लिहिलं जात असताना लाईन गेली तर बोर्ड पुन्हा चालू होईलच याची खात्री नाही. डेस्कटॉप यूपीएसवर लावा, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली नाही ना हे आधी तपासा. यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून मशीन पाच मिनिटं चालतं का, एवढी साधी परीक्षा पुरते. ही परीक्षा फ्लॅश करण्याच्या आधी घ्या, करताना नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला. शक्य असेल तर काम सकाळीच उरका.

टक्केवारी चालू झाली की हात मागे. मध्येच ती एखाद्या आकड्यावर थांबल्यासारखी वाटते, तरी बटणाला हात लावू नका. संपल्यावर मशीन एक-दोनदा आपलं आपणच बंद-चालू होऊ शकतं, तेही होऊ द्या.

जुना हिशेब काढायचा असेल तर

आतली डिस्क फॅट३२ ची असेल, विंडोज ९८ ची असते तशी, तर ती डॉसमध्ये 'डी' म्हणून दिसते. समजा बिलिंग 'डी' वर 'बिल' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. तर अशा दोन आज्ञा:

एमडी सी:\बिल

कॉपी डी:\बिल\*.* सी:\बिल

फॉक्सप्रोवाले फक्त डीबीएफ शेपटीच्या फाइली उचलतात आणि नंतर डोकं धरून बसतात. डीबीएफमध्ये नोंदी असतात हे खरं, पण इंडेक्स सीडीएक्स शेपटीच्या फाइलीत असतो आणि लांब मजकूर एफपीटीमध्ये. एफपीटी राहिली तर ते सॉफ्टवेअर टेबल उघडायलाच नकार देतं. म्हणून वरच्यासारखं तारा-टिंब-तारा देऊन सगळंच उचला. आत आणखी फोल्डर असतील तर 'कॉपी' ते उचलत नाही, प्रत्येकासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. 'एक्सकॉपी' हे एका झटक्यात करतं, पण रूफसच्या फ्रीडॉसमध्ये ती आज्ञा येत नाही. ती फ्रीडॉसच्या साइटवरून वेगळी आणून पेनड्राइव्हवर टाकावी लागते. 'डायर', 'कॉपी', 'सीडी', 'एमडी', 'रेन', 'डेल' या आज्ञा मात्र कमांड डॉट कॉमच्या आतच आहेत, त्या कायम मिळतात.

लिनक्सवाल्यांसाठी

रूफस विंडोजवरच चालतं. लिनक्सवर असाल तर फ्रीडॉसच्या साइटवर 'लाइट यूएसबी' आणि 'फुल यूएसबी' अशा दोन इमेज (अख्ख्या पेनड्राइव्हच्या तयार प्रती) मिळतात. झिप उघडून आतली 'आयएमजी' फाइल 'डीडी' आज्ञेने पेनड्राइव्हवर उतरवायची. त्याआधी 'एलएसबीएलके' देऊन पेनड्राइव्ह 'एसडीबी' आहे की 'एसडीसी', हे आकारावरून ओळखा. 'डीडी' काही विचारत नाही, चुकीचं नाव दिलं तर तुमची मुख्य डिस्कच पुसून मोकळी होते.

फरक एवढाच, की या इमेज इन्स्टॉलरच्या आहेत. चालू झाल्यावर भाषा विचारतील आणि फ्रीडॉस हार्ड डिस्कवर टाकू का म्हणून विचारतील. तिथे 'नो, रिटर्न टू डॉस' निवडा. घाईत 'यस' दाबत गेलात तर आतल्या डिस्कवरच पार्टिशन करायला निघेल. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांना मी म्हणूनच रूफस सांगतो, मित्राच्या विंडोजवर का होईना.

काम झाल्यावर

'फोटो काढून ठेवा' म्हटलं होतं तो आता उघडा आणि बायोसच्या सेटिंग पूर्वीसारख्या करा. लेगसी चालूच राहिलं तर यूईएफआयवर टाकलेलं विंडोज उठत नाही, 'नो बूटेबल डिव्हाइस' दिसतं आणि लोक समजतात डिस्क गेली. बायोस अपडेटनंतर सेटिंग अनेकदा आपोआप मूळ पदावर जातात, त्यामुळे तारीख, वेळ आणि बूटचा क्रमही एकदा बघा.

पेनड्राइव्ह पुन्हा साधा करायचा असेल तर रूफसमध्येच 'बूट सिलेक्शन'च्या यादीतून 'नॉन बूटेबल' निवडून 'स्टार्ट' दाबा. आणि कधी विंडोजमध्ये पेनड्राइव्ह अर्धाच दिसू लागला, किंवा फॉरमॅटच होईना, तर 'डिस्कपार्ट' आहे. ते ॲडमिन म्हणून उघडा, 'लिस्ट डिस्क' द्या, आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा, 'सिलेक्ट डिस्क' आणि त्याचा नंबर, मग पुन्हा 'लिस्ट डिस्क' देऊन तारा योग्य ओळीपुढे आला आहे ना ते बघा, मगच 'क्लीन'. ० नंबरची डिस्क बहुतेक वेळा कॉम्प्युटरची स्वतःची असते. नंतर 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', 'फॉरमॅट एफएस=फॅट३२ क्विक', 'असाइन' आणि 'एक्झिट'. पेनड्राइव्ह ३२ जीबीपेक्षा मोठा असेल तर यातला फॉरमॅट फॅट३२ करायला नाही म्हणू शकतो, तेव्हा पुन्हा रूफसकडेच या.